आठवी 'ब'पुढचा नमुना

फळ्यावर मी 'साम्राज्यवाद' एवढा एकच शब्द लिहिला होता. पाठमोरी असतानाच मुलं उभी राहिल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर दारात संस्थेचे सेक्रेटरी, त्यांच्या मागे मुख्याध्यापक, त्यांच्या मागे शिपाई. सेक्रेटरींना गावात सगळे नाना म्हणतात. शाळा संस्थेची, संस्था नानांच्या वडिलांनी काढलेली, त्यामुळे वर्गात शिरताना विचारायचं वगैरे त्यांच्या गावीही नसतं.

नानांनी फळा वाचला. साम्राज्यवाद म्हणजे काय ते कुणी सांगेल का, असं मुलांना विचारलं. कुणाचाही हात वर गेला नाही, कारण मी अजून शिकवलंच नव्हतं. मग त्यांनी माझ्या हातातला खडू काढून घेतला आणि त्याचं टोक माझ्याकडे धरलं.

"पुस्तकात कशाला शोधता? ह्या मॅडम उभ्या हायेत ना तुमच्यापुढं. ह्योच साम्राज्यवाद. गोरा सायब आला, धान्याची पोती दावली, आन् ह्यांच्या पणज्यानं देव बदलला. बघून घ्या नीट, नमुना हाय."

वर्ग हसला. मुख्याध्यापक हसले. शिपाई हसला, त्याला तर काय चाललंय तेही कळलं नव्हतं.

मीही हसले.

हे मी आधीच सांगून टाकते. पुढे मी काय केलं ते ऐकताना कुणाला मी शूर वाटू नये म्हणून. तोंडावर हात ठेवून, मान खाली घालून, घरच्या माणसाने चेष्टा केल्यावर हसावं तशी हसले. नाना खूश झाले. खडू परत देऊन म्हणाले, "मॅडम आपल्याच हायेत, राग न्हाई येत त्यांना." आणि गेले. मग मी तास घेतला. कच्चा माल, बाजारपेठ, वसाहती. 

आमचं गाव कोल्हारच्या खाली, प्रवरेच्या काठाला. नदीच्या वरच्या अंगाला ऊस आणि बंगले, खालच्या अंगाला आमची आळी. आळीच्या तोंडाशी छोटं देऊळ आहे. देऊळ म्हणजे चर्च, आमच्याकडे जुनी माणसं देऊळच म्हणतात. माझे पणजोबा गावची हलकी कामं करणारे. मेलेली ढोरं ओढायची, सांगावा घेऊन परगावी पळायचं, बदल्यात शिळं मागून आणायचं. ते ख्रिस्ती झाले. त्याला चार पिढ्या झाल्या. तेव्हापासून कागदावर आमची जुनी जात नाही, म्हणून तिची सवलतही नाही. गावात मात्र जात होती ती आहेच. कोण कुठे राहतं, कुणाला कुणी अरेतुरे करायचं, यात काडीचा फरक पडला नाही.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत एक सहकारी म्हणाले, मनावर घेऊ नका, नाना गंमत करतात. हे सहकारी स्वतः कोपरगावकडच्या गरीब घरातले, पण नानांच्या घरच्या लग्नात वाढपी होऊन राबतात आणि त्याचा फोटो मोबाईलवर सगळ्यांना पाठवतात. मी त्यांना म्हटलं, नाही हो, कुठे मनावर घेतलंय. हे दुसरं खोटं.

संध्याकाळी आईला सांगितलं. आई मिशनच्या दवाखान्यात आया होती, आता घरीच असते. मेथी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"मंग तू काय म्हनली?"

मी म्हटलं, हसले.

"हसली? मंग झालं की. आता दर साली हसावं लागंल तुला."

आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. मला तिचा संताप आला. तुला काय जातंय बोलायला, असं मी म्हणणार होते. तेवढ्यात तीच म्हणाली, "मी बी गप ऱ्हायले हुते. तुझी बाही फाडली तवा." आणि मला तो फ्रॉक आठवला. आठवला म्हणजे विसरले नव्हतेच, फक्त त्याचं नाव कधी घेतलं नव्हतं.

मी पाचवीत असताना नगरच्या बोर्डिंगमध्ये होते. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, आमच्या तोंडात अजून नगरच येतं. नाताळच्या सुट्टीत आईने मला निळा फ्रॉक शिवून घेतला होता, गळ्याला पांढरी लेस. जानेवारीत परदेशातून पाहुणे येणार होते, बोर्डिंगला मदत देणारे. त्या सकाळी मेट्रनबाईंनी आम्हाला रांगेत उभं केलं आणि सांगितलं, नाताळचे कपडे काढा, जुने घाला. आम्हाला वाटलं, नवे मळू नयेत म्हणून. मी जुना फ्रॉक घालून आले. तो धुतलेला होता, नीट होता, आईच्या हातून गबाळं काही व्हायचंच नाही. मेट्रनबाईंनी मला जवळ घेतलं, खांद्याच्या शिवणीत दोन बोटं घातली आणि बाही टर्रकन उसवली. म्हणाल्या, "आता बरं दिसतंय. पहिल्या रांगेत उभी राहा."

आम्ही गाणं म्हटलं. एक गोरी बाई माझ्यासमोर गुडघ्यावर बसली, माझ्या उघड्या खांद्याकडे बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तिने फोटो काढला. तो फोटो पुढे एका माहितीपत्रकात छापून आला आणि बोर्डिंगच्या फलकावर लागला. पालकांच्या रविवारी आई आली, तिने तो बघितला. बाही कुणी फाडली, असं मला विचारलं. मी सांगितलं. आईने मेट्रनबाईंना हात जोडून नमस्कार केला आणि आम्ही दोघी बाहेर पेरू खायला गेलो. बोर्डिंगमधून काढलं असतं तर माझी शाळा सुटली असती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

त्यामुळे कुणी मला सांगू नये की मिशनचा साहेब देव होता. माझे पणजोबा मिशनच्या बंगल्यात आयुष्यभर झाडलोट करत होते, पण व्हरांड्याच्या आत कधी बसले नाहीत. बायबल साहेबाचं आणि आमचं एक होतं, खुर्ची एक नव्हती. हेही आमच्या घरात सांगितलं जातं. आणि हो, पणजोबांनी दुष्काळात मिशनचं धान्य घेतलं. घेतलं. त्याच वर्षी गावात भरलेल्या कणग्या होत्या आणि त्या बंद होत्या. उपाशी माणसाने धान्य घेतलं याची लाज त्याने का वाटून घ्यायची? ज्यांच्या कणग्या बंद राहिल्या त्यांची नातवंडं आता मला विचारतात, किती पोत्यांना विकले गेलात. चोराच्या उलट्या बोंबा. आणि पणजोबांना धान्याबरोबर एक पाटीही मिळाली होती. धान्य महिन्याभरात संपलं. पाटीवर ते, माझी आजी आणि माझी आई शिकली. ती पाटी नानांच्या घरून मिळाली असती तर पणजोबांनी ती घेतली नसती का?

त्या रात्री मला एक सरळ गोष्ट कळली. मेट्रनबाई आणि नाना एकच काम करत होते. एकीने मला गोऱ्या लोकांपुढे उभं केलं, दुसऱ्याने काळ्या लोकांपुढे. ज्याला सत्ता टिकवायची असते त्याला दाखवायला एक नमुना लागतो, आणि नमुन्याने हसायचं किंवा गाणं म्हणायचं असतं. मी दोन्ही केलं होतं.

पुढच्या सोमवारी आठवी 'ब'मध्ये मी फळ्यावर नगरवर राज्य केलेल्यांची नावं लिहिली. निजामशाही, मुघल, पेशवे, इंग्रज. मुलांना विचारलं, राज्य बदललं तेव्हा आपल्या गावात काय बदललं? सारा कुणाकडे भरायचा ते बदललं, झेंडा बदलला, असं मुलं म्हणाली. मग कोण कुठे राहायचं ते बदललं का, असं मी विचारलं. मुलं पुस्तक चाळायला लागली. मी म्हटलं, मलाही पुस्तकात सापडलं नाही, आपण शोधू. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एकच विचारायचं. तुमच्या लहानपणी गावात कुणाला कशाची मनाई होती आणि ती कुणी केली होती? एकच मनाई वहीत लिहून आणायची. बाकी काही नको.

मुलांनी आणलं. मला वाटलं नव्हतं इतकं आणलं. बागायतदाराच्या घरच्या एका मुलाने लिहिलं होतं की त्याच्या पणजीला नवरा गेल्यावर आरशात बघायची मनाई होती आणि ती तिच्या सख्ख्या दिराने केली होती. पिंजाऱ्याच्या मुलाने लिहिलं, आम्हाला मनाई अशी नव्हती, पण गावजेवणाला सगळे उठून गेल्यावर बसायचं असायचं. आमच्या आळीतल्या मुलांनी विहिरीचं लिहिलं. विहीर सगळ्यांनाच ठाऊक होती. आणि सईने लिहिलं. सई म्हणजे नानांची नात. हुशार पोरगी, अक्षर मोत्यासारखं. तिच्या वहीत होतं:

"आमच्या घरापुढून जाताना खालच्या आळीच्या लोकांनी पायात चपला घालायच्या नाहीत. ही मनाई माझ्या खापरपणजोबांनी केली होती. माझे आजोबा म्हणाले, ते दिवस शिस्तीचे होते."

मी त्यावर लाल शाईने बरोबरची खूण केली आणि खाली लिहिलं, 'छान. विचारून लिहिलंस.' दुसऱ्या दिवशी सई शाळेत आली नाही.

तिसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. नाना मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसले होते, मुख्याध्यापक बाजूच्या स्टुलावर. टेबलावर सईची वही उघडी होती. मला बसायला सांगितलं नाही.

"माझ्याच नातीच्या हातनं माझ्या घरान्याचा गुन्हा लिवून घेता व्हय?"

मी म्हटलं, नाना, मी काही सांगितलं नाही. तुम्ही तिला सांगितलंत, तिने लिहिलं. ते आणखी भडकले. परदेशी विचार मुलांच्या डोक्यात घुसवता, गावात तेढ लावता, मिशनची सवय जात नाही तुमची, असं बरंच बोलले. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले की मी लागून चार वर्षं झाली, माझ्या नोकरीच्या मान्यतेचा प्रस्ताव संस्थेकडून शिक्षण खात्याकडे जायचा आहे. त्यांची सही झाली की मी कायम होईन. सही होणार नसेल तर चार वर्षं फुकट गेली असं समजायचं. सोमवारी परिपाठाला सगळ्या शाळेसमोर माफी वाचायची. मजकूर मुख्याध्यापक सर लिहून देतील.

सरांनी लिहून दिला. सुवाच्य अक्षरात, समास सोडून. मला रागापेक्षा आश्चर्य वाटलं, कारण सरांचे वडील नानांच्याच शेतावर सालगडी होते. मजकुरात होतं की माझ्याकडून अनवधानाने संस्थापकांच्या घराण्याचा अवमान झाला. एवढ्यावर भागलं असतं तर, खरं सांगते, मी कदाचित वाचलं असतं. मला नोकरी हवी होती. पण पुढे एक वाक्य होतं. 'माझ्या पूर्वजांनी परकीय सत्तेच्या आमिषाला बळी पडून जी चूक केली, तिच्या प्रभावातून माझ्याकडून हे घडले.' म्हणजे माफी माझी एकटीची नव्हती. पणजोबांचीही मागायची होती, नानांकडे, गावाच्या पोरांसमोर.

रविवारी उपासनेनंतर मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेतलं. त्यांना सगळं कळलं होतं. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, म्हणाले. वाचून टाक, प्रभू सगळं बघतोय. मी त्यांना विचारलं, प्रभू बघतोय तर त्याच्यासमोर खोटं कसं वाचू? ते म्हणाले, काही झालं तर मग तुझी आई मदत मागायला आमच्याकडेच येईल. आम्ही एवढी माणसं आहोत, सगळ्यांची मुलं याच शाळेत आहेत. त्यांचं चूक होतं असं मी म्हणत नाही. पण ते बोलताना देवळाच्या भिंतीकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

घरी आईने चष्मा लावून तो कागद वाचला. दोनदा वाचला. मग घडी घालून माझ्या पर्समध्ये ठेवला. "ह्यात तुझ्या पणज्याला का आनलंय?" एवढंच म्हणाली.

सोमवारी राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली, प्रार्थना झाली. सुविचार झाला, सत्याविषयीच होता, असतोच. मग सरांनी माईकवर माझं नाव घेतलं. नाना व्यासपीठावर खुर्ची टाकून बसले होते. सई सातव्या की आठव्या जागी उभी होती, मान खाली. मी पहिली दोन वाक्यं वाचली. माझा आवाज मला बोर्डिंगमधल्या गाण्यासारखा ऐकू आला, गोड आणि पाठ केलेला. पणजोबांच्या वाक्याशी मी थांबले. कागद खाली घेतला. मग बोलले. पाठ केलं नव्हतं, पण शब्द न शब्द आठवतो.

"हा कागद मी लिहिलेला नाही. माझ्या पणजोबांनी चूक केली नाही. सईने वहीत खरं लिहिलं, मी त्यावर बरोबरची खूण केली, ती मी खोडणार नाही. त्या दिवशी आठवी 'ब'मध्ये नाना मला नमुना म्हणाले आणि मी हसले. ते माझं चुकलं. त्याबद्दल मात्र तुमची माफी मागते."

सरांनी माईकची वायर ओढली. तोपर्यंत बोलून झालं होतं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुलं रांगेने वर्गात गेली. आमच्या आळीतली पोरं माझ्याकडे बघायला घाबरत होती. शिक्षकांच्या खोलीत मी गेले तेव्हा दोघं उठून बाहेर गेले. सईच्या वहीचं ते पान फाडलेलं होतं, हे मला मागाहून दिसलं. त्या पोरीने माझ्याकडे पुन्हा मान वर करून पाहिलं नाही, आणि मी तिला बोलायला गेले नाही. तिला त्या घरात राहायचं आहे.

दुपारी बदलीचा आदेश हातात आला. पाथर्डीच्या पुढे, डोंगराच्या कडेला संस्थेची शाखा आहे, जिथे कुणी जायला तयार नसतं. कारणाच्या जागी लिहिलं होतं, 'प्रशासकीय कारणास्तव'.

मी ऑफिसात गेले. या वेळी विचारायची वाट न बघता समोरची खुर्ची ओढून बसले. नानांना म्हटलं, कारण लिहा.

"कारन तुमाला म्हाईत हाय."

"मला माहीत आहे. कागदाला माहीत नाही. नातीने खापरपणजोबांविषयी खरं लिहिलं आणि मॅडमनी बरोबरची खूण केली म्हणून बदली, असं लिहा. खाली सही करा. मी उद्या तिकडे हजर होते."

नाना हसले. त्यांनी सरांकडे पाहिलं. सर पंख्याकडे बघत होते. नानांचा हात टेबलावरच्या पेनापर्यंत गेला नाही. मी बघत होते, अजिबात गेला नाही. "लई शानी झाली," एवढं ते म्हणाले, मला नाही, भिंतीला. मी आदेशाची पोच देताना सहीच्या वर लिहिलं, 'कारण विचारले. दिले नाही.' ती प्रत आता त्यांच्या फायलीत आहे, त्यांना ठेवावीच लागेल.

खुर्चीवरून उठताना मला कळलं की पुस्तकात इंग्रजांचा धडा का आहे आणि यांचा का नाही. इंग्रजांनी आपले हुकूम लिहून ठेवले, छापले, खाली सह्या केल्या, म्हणून ते पकडले गेले. यांनी सगळं तोंडी केलं. चपला काढ तोंडी, विहिरीपासून लांब हो तोंडी, नंतर बस तोंडी. पुढच्या पिढीला सांगताना शिस्त म्हणायचं, की झालं. लिहायची वेळ आली की यांचा हात उचलत नाही, कारण लिहिलं की ते गुन्ह्यासारखं दिसतं.

मी पाथर्डीकडे जाणार आहे. आईही येते म्हणाली. राजीनामा देणार नाही, मान्यतेसाठी पुन्हा कुणाच्या दारात उभी राहणार नाही, न्याय जिथे मागता येतो तिथे, शिक्षण खात्याकडे, अर्ज केला आहे. तिकडेही आठवीचा वर्ग आहे. पहिल्याच आठवड्यात मी मुलांना तोच प्रश्न देणार आहे, आणि या वेळी उत्तरं नुसती वहीत ठेवणार नाही, प्रत्येकाची प्रत काढून माझ्याजवळ ठेवणार आहे. तिथून हलवलं तर पुढच्या गावी विचारीन. ज्याला मला गप्प करायचं आहे त्याने कारण लिहावं, खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहावं आणि सही करावी. तोंडी हुकूम मी यापुढे पाळणार नाही.